कलमसिंहाची जीभ

सिरकोटात कुणाचं पोर हगवणीनं बेजार झालं, की आई औषधाचं नाव विचारत नसे. ती विचारायची, "मुळं कलमसिंहाचीच आहेत ना, वैद्यजी?" आणि महिमानंद वैद्य पुडी बांधता बांधता हसून म्हणायचे, "अगं, विद्या माझी, पण जीभ कलमूची. जा निर्धास्त." तीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि तीस वर्षांत एकाही पोराला ती पुडी बाधली नव्हती.

आता जिभेचं एवढं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं एकदा रुद्रकांठ्याच्या डोंगरावर जाऊन बघावं. झाडांची हद्द संपते तिथून वर नुसतं गवत, आणि त्या गवतात अतिविष. उगाळून मधातून चाटवलं की पोराचं पोट बसतं, ताप उतरतो. पण त्याच्याच मांडीला मांडी लावून बचनाग उगवतो. पानं वाळली की दोघं जुळे भाऊ. एक जीव राखतो, दुसरा काळीज बंद पाडतो. मुळं सुकली, कुटली, की देव आला तरी डोळ्यांनी ओळखणार नाही. ओळखते ती फक्त जीभ. अतिविष कडू लागतं, कडूजहर, पण कडूच. बचनागानं जिभेच्या टोकावर मुंग्या चालायला लागतात आणि मग तेवढा भाग मेल्यासारखा होतो.

ही जीभ कलमसिंहाला बापानं दिली नव्हती, वैद्यजींनी दिली होती. विशीत तो बकऱ्या राखायचा तेव्हा वैद्यजींनी त्याला ओसरीवर बसवून डोळ्यांना पट्टी बांधली होती आणि चार पावसाळे एकेक मूळ चाखवलं होतं. त्याला अक्षर येत नव्हतं. पण वैद्यजी सांगायचे तसंच तो सगळं करायचा, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. नंदाष्टमी होईपर्यंत वर पाऊल ठेवायचं नाही, कारण तोवर बी पडलेलं नसतं. वर पायांत जोडा नको आणि तोंडातून मोठा आवाज नको. आदल्या संध्याकाळी झाडापाशी तांदूळ ठेवून म्हणायचं, "उद्या येतो, पोरांसाठी नेतो, राग धरू नकोस." सकाळी बकऱ्याच्या शिंगानं उकरायचं, लोखंड लावायचं नाही. प्रत्येक झाडाखाली दोन मुळं असतात, जुनं आणि नवं. जुनं घ्यायचं, नवं पुन्हा मातीत लावायचं. मग नखानं कण काढून जिभेच्या टोकाला, वीस मोजायचे, थुंकायचं. त्या दिवसांत तंबाखू बंद, मिरची बंद, आणि तिमुराच्या काडीनं दातसुद्धा घासायचे नाहीत. तिमूर म्हणजे आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊ. एक दाणा चावला तर अर्धा तास तोंडात भिरभिर चालू राहते.

तर असा हा कलमसिंह. आणि श्रावणात सतेश्वरीची बबली मरता मरता वाचली.

पोरीला दोन दिवस हगवण होती. सतेश्वरीनं वैद्यजींकडून पुडी आणली, मधात कालवली, चाटवली. घटकाभरात पोरीचे ओठ पांढरे पडले, हातपाय गार झाले, ओकाऱ्या सुरू झाल्या. नशीब थोर म्हणून सडकेवर जीप उभी होती. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं रात्रभर झुंज दिली आणि सकाळी सांगितलं, पोटात विष गेलंय. चार वर्षांची पोर, ती. सतेश्वरी तिला पाठीवर घेऊन परत आली ती थेट वैद्यजींच्या दारात.

वैद्यजी एवढंच म्हणाले, "मुळं कलमूनं आणली होती."

हे कलमसिंहाच्या कानावर आलं तेव्हा तो शेतात नाचणी खुरपत होता. त्याला वैद्यजींचा राग आला नाही. तो घाबरला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "बैसाखी, चुकलो असेन का गं मी?"

बैसाखीनं चुलीतलं लाकूड जोरात मागे ओढलं. "तुम्ही? भाजीत मीठ दोन दाणे जास्त पडलं तरी तीन दिवस ऐकवता. तुम्ही चुकाल?"

"साठी उलटली माझी. जिभेचाही धर्म असतो म्हातारं व्हायचा."

"मग वैद्यजी काय कोवळे आहेत? पुडी त्यांनी बांधली. त्यांनी चाखायची नव्हती?"

"ते माझं कधीच चाखत नाहीत. त्यांचा विश्वास आहे."

बैसाखीनं जे तोंड केलं ते तीस वर्षांच्या संसारात कलमसिंहाला पाठ होतं.

पंचायत देवीच्या मंडपात बसायची ठरली. त्या सकाळी वैद्यजींनी निरोप धाडला: उपाशीपोटी पंचायतीला जाऊ नये, आधी माझ्याकडे जेवायला ये. कलमसिंहाचा जीव भांड्यात पडला. वैद्यजींच्या ओसरीवर तो नेहमीच्या जागी बसला. वैद्यजींच्या बाईंनी नाचणीची भाकरी, लोणी आणि भांगेच्या बियांची हिरवीगार चटणी वाढली. चटणीत तिमूर होता, सढळ हातानं. कलमसिंहाला पहिल्याच घासाला कळलं. पण आज काही चाखायचं नव्हतं, आज नुसतं बोलायचं होतं. वैद्यजींनी स्वतः आणखी एक चमचा त्याच्या भाकरीवर घातला.

"भिऊ नकोस, भुला," धाकट्या भावाला हाक मारावी तसे ते म्हणाले. "मी आहे ना शेजारी. दोन शब्द बोलायचे आणि घरी जायचं."

त्यानं चटणी बोटानं पुसून खाल्ली. इतका बरा घास गेल्या आठ दिवसांत घशाखाली गेला नव्हता.

मंडपात गाव गोळा झालं होतं. सतेश्वरी पोरीला मांडीवर घेऊन एका बाजूला बसली होती. गावच्या प्रधानानं काय झालं ते सांगितलं आणि विचारलं, "कलमसिंह, तुझं काय म्हणणं?" तो उठून उभा राहिला. तोंड उघडणार, तेवढ्यात वैद्यजींनीच हात वर केला.

"बोलण्यानं काय होतंय, प्रधानजी? हातच्या काकणाला आरसा कशाला? कलमूची जीभ शाबूत आहे की नाही, आत्ताच बघू." आणि त्यांनी बंडीच्या खिशातून दोन पुड्या काढल्या. "एकीत अतिविष, एकीत बचनाग. त्यानं ओळखलं तर दोष माझा. मी आजपासून पुडी बांधणं सोडतो."

गावानं मान डोलावली. केवढं मोठं मन, बघा! आणि कलमसिंहाच्या तोंडात अजून तिमूर भिरभिरत होता. जीभ तर होतीच बधिर, टाळूसुद्धा नाचत होती. त्यानं वैद्यजींकडे पाहिलं. वैद्यजी पुडीची घडी उलगडण्यात गुंतले होते. फार मन लावून उलगडत होते, जशी काही तीच एक कामाची गोष्ट होती.

त्या क्षणी त्याला सगळं कळलं. जेवणाचा निरोप का आला, तो वरचा चमचा कशाला होता. काळजात सुरी जावी तसं झालं त्याला. चटणीचं विशेष नव्हतं. ज्या माणसानं जीभ दिली, त्यानंच ती जेवायला बोलावून मारली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"थोडं थांबा," तो म्हणाला. "तोंड धुऊन येतो. घटकाभर द्या."

वैद्यजी हळूच म्हणाले, "कलमू, त्या लेकराच्या तोंडाला कुणी घटकाभर दिली होती का रे?"

सतेश्वरीनं हुंदका दिला. मग कोण थांबतंय!

त्यानं पहिली पुडी लावली. मुंग्या. दुसरी लावली. मुंग्याच. कडू दोन्ही लागल्या, नाचल्याही दोन्ही. तो खोटं बोलून एकीवर बोट ठेवू शकला असता, फासा उलटसुलट कसाही पडला असता. पण चाखण्याच्या बाबतीत खोटं बोलायला तो शिकलाच नव्हता. तो म्हणाला, "मला कळत नाही. मला तिमूर खाऊ घातलाय."

प्रधानाच्या भुवया वर गेल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि हशा उठला. प्रधानसुद्धा चिडला. "अरे, काही लाज? ज्यांच्या घरी आत्ता जेवून आलास, त्यांच्याच घरचे वासे मोजतोस?"

वैद्यजी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, त्यांना वाईट वाटतंय.

त्या दिवसापासून कलमसिंहाचं नाव मातीत गेलं. धाऱ्यावर, झऱ्याच्या तोटीवर, पाणी भरायला गेला तर बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. पोरं जीभ बाहेर काढून दाखवायची. बैसाखी आधी वैद्याच्या सात पिढ्या उद्धरायची, मग नवऱ्यावर घसरायची, "जा, जेवायला जा अजून! चटणी उरली असेल थोडी!" आणि मग पदरानं डोळे पुसून त्याला ताक आणून द्यायची. तो ताक पिऊन टाकायचा. सकाळी उठून मिठाचा, गुळाचा, कडुचिरायत्याचा कण जिभेला लावून बघायचा. सगळं जिथल्या तिथं होतं. जीभ ठणठणीत होती, आणि तिला विचारणारं कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी सकाळी सकाळी वैद्यजी आले. एकटे, पाठीवर पोतं घेऊन. बैसाखीनं त्यांना बसायला चटईसुद्धा टाकली नाही. ते जमिनीवर बसले.

"कलमू, माझी जीभ सहा वर्षांपूर्वीच गेली," ते म्हणाले. "तो मोठा ताप आला होता ना, त्यात. गोड आणि कडू एवढं कळतं. मुंग्या येतात की नाही, ते कळत नाही."

कलमसिंहानं सकाळी चाखायला घेतलेला चिरायत्याचा कण खाली ठेवला.

"तुझी मुळं होती तोवर कुणाला पत्ता लागला नाही. पण खालच्या शहरातून मागणी वाढली. तुझी आठ-दहा पायली कुठं पुरणार? गेल्या हिवाळ्यात एका व्यापाऱ्याकडून हे घेतलं. त्यानं साली खरवडून सगळं एकसारखं करून दिलंय. वाटलं, बरंच असेल."

"आणि दोष माझ्यावर टाकलात."

"वैद्याची जीभ गेली हे कळलं तर माझ्या दारात कुत्रं येईल का रे? तुझं काय, तुला शेत आहे, बकऱ्या आहेत."

म्हणजे बघा! कुंपणानं शेत खायचं, आणि वर शेतालाच सांगायचं की तुला दुसरं काम आहे. बैसाखी आतून ओरडली, "विळा कुठं गेला माझा?" वैद्यजी दचकले, पण उठले नाहीत.

"यातून मला पुड्या करता येत नाहीत आणि पोरं तर आजारी पडतायत. तू निवडून दे. नंदाष्टमीला देवीसमोर, सगळ्या गावासमोर, मी खरं काय ते सांगेन. हे बघ, गंगाजळ हातात घेऊन बोलतो." आणि खरंच, कुपीतलं पाणी तळहातावर घेऊन ते बोलले.

कलमसिंहानं पोतं ओढून घेतलं. पोरांसाठी घेतलं, हे खरं. पण खोटं कशाला बोला, त्याला ते वाक्यही ऐकायचं होतं. चारचौघांत, वैद्यजींच्या तोंडून: कलमू चुकला नव्हता.

निवडायला तीन दिवस लागले. एकेक मूळ, एकेक कण, वीस मोजायचे, थुंकायचं, कोमट दूध, थोडं तूप, मग पुढचं. विषाचं मूळ निघालं की पुढची घटका वाया. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची बोटं गार पडली आणि छाती धडधडायला लागली, तेव्हा बैसाखीनं पोतं उचलून गोठ्यात नेलं आणि दारात आडवी बसली. "मरायचंय का त्या बामणासाठी?" तिसऱ्या दिवशी तिनंच परत आणून दिलं. दीडशे मुळांत बावीस बचनागाची निघाली. ती त्यानं दरडीखाली खोल पुरली. बाकीची धुऊन वाळवून वैद्यजींच्या घरी पोचवली. बाईंनी जेवायचा आग्रह केला नाही.

नंदाष्टमीला देवीची डोली निघाली, ढोल वाजले, वरून आणलेली ब्रह्मकमळं वाटली गेली. कलमसिंहानं धुतलेली टोपी घातली होती. प्रसादाआधी वैद्यजी उठले. त्यांनी हात जोडले आणि गाव शांत झालं.

"देवीसमोर खरंच बोललं पाहिजे," ते म्हणाले. कलमसिंहानं टोपी सरळ केली. बैसाखीनं त्याचा कोपर धरला.

"श्रावणात आपल्या एका लेकरावर संकट आलं. त्यानंतर माझ्याकडची सगळी मुळं मी स्वतःच्या जिभेनं पुन्हा तपासली. तीन दिवस लागले. बावीस विषारी निघाली. ती नष्ट केली आहेत. आता निर्धास्त राहा." गावातून हुंकार उठला. "आणि कलमू. त्यानं तीस वर्षं सेवा केली. वय झालं, चूक झाली. मी त्याला मनापासून माफ केलंय. तुम्हीही करा."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! म्हाताऱ्याकोताऱ्या वैद्यजींच्या पायांवर डोकं ठेवायला धावल्या. सतेश्वरी बबलीला घेऊन कलमसिंहासमोर आली आणि थोरल्या काकाला म्हणावं तसं म्हणाली, "बोडा, वैद्यजींनी माफ केलं, मग मी कोण? मीही केलं." ती मनापासून म्हणाली. तेच तर सहन होईना.

कलमसिंह पुढं झाला. त्याला ओरडायचं होतं की तीन दिवस माझे होते, बावीस मुळं माझ्या जिभेवरून गेलीत. पण वैद्यजीच चालत आले, त्याच्या कपाळाला टिळा लावला आणि सगळ्यांसमोर त्याला घट्ट मिठी मारली. कानात म्हणाले, "माझ्या पोटावर पाय देऊ नकोस, भुला." ढोल पुन्हा सुरू झाले. आणि तो मूर्ख माणूस गप्प राहिला. बोलून उपयोग नव्हता, हे खरं. एकदा बोलला होता तेव्हा गाव हसलं होतं. तरी त्यानं बोलायला हवं होतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

आठवड्यानं, दुपारी, सतेश्वरी त्याच्या घरी आली. पुढच्या अंगणातून नाही, गोठ्यामागच्या वाटेनं, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. भारा टेकवला, इकडंतिकडं पाहिलं आणि कमरेची पुडी काढली.

"बोडा, बबलीचं पोट पुन्हा बिघडलंय. वैद्यजींनी दिलीय. तेवढी चाखून सांगा."

"का? त्यांनी स्वतः तपासलीयत ना? देवीसमोर सांगितलं की."

"ते झालं चारचौघांतलं. पोरीच्या तोंडाशी बोट नेलं की हात मागं येतो माझा. तुम्ही चाखलीत की देईन." मग खाली बघत ती म्हणाली, "फक्त मी आले होते हे कुणाला बोलू नका. आमच्या घरात वैद्यजींवर फार श्रद्धा आहे."

कलमसिंहानं पुडी हातातही घेतली नाही. पुडीत काय आहे हे त्याला न चाखता ठाऊक होतं. त्यातला कणन् कण त्याच्याच हातून गेला होता.

"चाखतो," तो म्हणाला. "पण पुढच्या अंगणात चल. तिथं चाखतो."

पुढच्या अंगणासमोर धारा होता आणि ह्या वेळेला अर्ध्या गावच्या बायका तिथं पाणी भरत असत.

"तिथं नको, बोडा."

"मग मलाही नको."

सतेश्वरीचे डोळे भरले. "लेकराच्या जिवावर हट्ट धरता?"

"लेकराच्या जिवावर कोण काय करतंय, ते तुला कळत नाही, ब्वारी," गावच्या सुनेला म्हणतात तसं तो म्हणाला. "चारचौघांत माफ केलंस ना मला? मग चारचौघांतच विचार."

तिनं पदरानं डोळे टिपले. मग पुडी मुठीत धरून तिनं भारा उचलला आणि आल्या वाटेनं निघून गेली.

"बरं केलंत!" बैसाखी आतून म्हणाली. "एकदा तरी ताठ उभे राहिलात."

कलमसिंहालाही बरं वाटलं. चिलीम भरेपर्यंत वाटलं. मग त्याच्या डोळ्यांपुढं सतेश्वरीची ती मूठ आली. भेदरलेली बाई, पुडी ओढ्यात फेकून देईल. आणि पोर अशीच वाळत जाईल, चांगलं औषध हाताशी असताना. तो उठला आणि अनवाणीच पुढच्या बांधावर धावला. सतेश्वरी खाली धाऱ्यापाशी पोचली होती.

"सतेश्वरी!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "ए ब्वारी! पुडी टाकू नकोस! साफ आहे ती! एकेक मूळ मी निवडलंय, मी! पोरीला दे, आत्ताच दे, मधातून!"

धाऱ्यावरचे हात थांबले. बायकांनी वर त्याच्याकडे पाहिलं, मग वळून सतेश्वरीकडे. ती भाऱ्याखाली उभी होती.

"कसली पुडी, बोडा?" ती म्हणाली. "मी तर गवताला गेले होते."

"आधी जीभ गेली, आता डोकंही गेलं म्हाताऱ्याचं," कुणीतरी म्हणालं आणि हंड्यांवर हसणं फुटलं. सतेश्वरीही हसली, जराशी उशिरा. मग ती चढण चढायला लागली. एक हात भाऱ्याला होता आणि दुसरा कमरेशी, गच्च दाबून धरलेला.

ती घरात शिरून दार लोटेपर्यंत कलमसिंह बांधावरून हलला नाही. बैसाखी मागं येऊन उभी राहिली होती.

"काय म्हणाली?"

"पोरीला देईल ती," कलमसिंह म्हणाला.